कारवारच्या पाण्यातला आवाज

हुबळी-धारवाडहून अरबैल घाट उतरला की अंकोला आणि तिथून कारवार, हा आपला सर्वांत जवळचा समुद्र. कारवारला 2005 साली सुरू झालेला ‘कदंब’ हा नौदल तळ आहे आणि ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेचा मुक्कामही तिथेच असतो. युद्धनौका म्हटले की आपल्या नजरेसमोर असेच अजस्र जहाज येते. पण या किनाऱ्यापुरते बोलायचे, तर जून 2025 मध्ये नौदलात आलेल्या ‘अर्नाळा’सारखी लहान नौका मला अधिक महत्त्वाची वाटते. वसईजवळच्या, मराठ्यांनी बांधलेल्या जलदुर्गाचे नाव तिला दिले आहे. लांबी जेमतेम 78 मीटर, काम उथळ पाण्यातल्या पाणबुड्या हुडकण्याचे. अशा एकूण 16 नौका ठरल्या असून कोचीत बांधलेली ‘माहे’ नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईत दाखल झाली. मात्र या नौका किती उपयोगी ठरतील, हे त्यांच्यावरच्या शस्त्रांइतकेच आपल्याला आपले पाणी किती कळते यावरही अवलंबून आहे.

पाण्याखाली रडार चालत नाही, कारण रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. उरतो तो आवाज. समुद्रात तो सेकंदाला सुमारे 1,500 मीटर धावतो. पाणी एका अंशाने तापले की वेग साधारण 3 मीटरने वाढतो आणि खारेपणा घटला की कमी होतो. वेग बदलला की आवाजाची वाट थंड पाण्याकडे वाकते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी साचल्याचा भास होतो, तोही प्रकाशाची वाट अशीच वाकल्यामुळे. दुपारी वरचा थर तापला की नौकेच्या सोनारने, म्हणजे प्रतिध्वनीवरून शोध घेणाऱ्या यंत्रणेने, सोडलेला आवाज खाली वळतो, आणि थोड्या अंतरावर त्याच्या आवाक्याबाहेरचा एक पट्टा तयार होतो. पाणबुडीला लपायला तो पुरेसा असतो. उथळ पाण्यात तळावरून आणि पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रतिध्वनींचा कल्लोळ वेगळाच. त्यात आपल्या किनाऱ्याला पावसाळा आहे: खालचे गार पाणी वर येते, काळी नदी मुखाशी गोडे पाणी ओतते, आणि जानेवारीत बांधलेले आडाखे जुलैत निरुपयोगी ठरतात. म्हणूनच या नौकांवर तळाशी बसवलेल्या सोनारबरोबर हव्या त्या खोलीवर सोडता येणारे सोनारही आहे. त्या तापलेल्या थराच्या खाली कान लावता यावा म्हणून.

हे न ऐकू आल्याची किंमत आपण मोजली आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ आपली ‘खुखरी’ ही युद्धनौका पाणबुडीच्याच शोधात होती. पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने तिला आधी हेरले आणि बुडवले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. आज पाकिस्तान चीनकडून त्याच नावाच्या वर्गातील आठ पाणबुड्या घेत आहे. साध्या डिझेल पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी वारंवार वर यावे लागते. यांना हवेविना चालणाऱ्या इंजिनामुळे कित्येक दिवस खालीच राहता येईल.

हेलिकॉप्टरे आणि टेहळणी विमाने असताना लहान नौका कशाला, असा आक्षेप घेतला जातो. ती हवीतच, पण हेलिकॉप्टरला काही तासांत परतावे लागते, आणि त्याने पाण्यात सोडलेल्या सोनारलाही तेच वाकडे आवाज ऐकावे लागतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नव्या नौकेने तणाव वाढत नाही का? दूरवर मारा करणाऱ्या नौकेबाबत ही भीती रास्त आहे. उथळ पाण्यातली ही नौका मात्र मुख्यतः आपल्याच बंदरांच्या तोंडाशी पहारा देते. उलट आंधळेपणानेच घाबरून चुकीचे निर्णय होतात. पाण्याखाली नेमके काय आहे हे कळले, तर संशयावरून गोळी सुटण्याची शक्यता घटते.

मग पाण्याच्या तापमान-खारेपणाच्या मोजणीवरचा खर्च संरक्षणाचाच धरायला हवा. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला कोडीबागेत आहे. ज्या तापमानाच्या आणि खारेपणाच्या नोंदी माशांच्या अभ्यासाला लागतात, त्याच सोनारलाही लागतात. युद्धनौकेचा पैसा एकदा मंजूर होतो. या नोंदींना दरवर्षी, पावसाळ्यातही, बोये, होड्या आणि पगारी माणसे लागतात. अंदाजपत्रकात कात्री लागताना सर्वांत आधी जातो तो हाच खर्च, आणि तोच आधी राखायला हवा.