मागणी, विवाह आणि प्रतीक्षा : प्राचीन यहुदी विवाहपद्धती व नव्या करारातील वधू-वर प्रतिमा

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरीयेची योसेफाशी 'मागणी' झाली होती, असे प्रचलित मराठी बायबल सांगते. लगेच पुढे योसेफाचा उल्लेख तिचा पती म्हणून येतो आणि तो तिला गुप्तपणे सोडण्याचा विचार करू लागतो. मराठी वाचक येथे अडखळतो. मागणी घालणे हा आपल्याकडे केवळ विवाहाचा प्रस्ताव. तो मोडायला एक निरोप पुरतो. मग मागणी झालेल्या मुलीला पती कोठून आला, आणि तिला 'सोडावे' का लागावे?

याचे उत्तर प्राचीन यहुदी विवाहाच्या दोन टप्प्यांत सापडते. पहिला टप्पा एरुसिन अथवा किद्दुशिन. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या विधिग्रंथानुसार स्त्री तीन मार्गांनी पत्नी होते : द्रव्य, लेख किंवा सहवास. द्रव्य किती असावे यावर शम्मय व हिल्लेल या दोन परंपरांत मतभेद होता. पहिलीच्या मते एक दिनार, तर दुसरीच्या मते परुटा हे अगदी क्षुल्लक नाणेही चाले. या विधीनंतर ती मुलगी माहेरीच राही, परंतु कायद्याने ती विवाहित असे. संबंध तोडायचा तर सूटपत्रच द्यावे लागे. दुसरा टप्पा निस्सुइन, म्हणजे वधूला पतिगृही नेणे. वराने विवाहाची सिद्धता करण्यास सांगितल्यावर कुमारिकेला त्यासाठी बारा महिन्यांची, तर विधवेला तीस दिवसांची मुदत मिळे. मिश्ना शुभवर्तमानांनंतर शतकाहून अधिक काळाने संकलित झाली, हे खरे. पण तिच्यातील प्रत्येक तपशील पहिल्या शतकाला लावता आला नाही, तरी व्यवस्थेचा गाभा जुनाच आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातही वाग्दत्त मुलीला 'शेजाऱ्याची पत्नी' मानले आहे.

महाराष्ट्राला ही मधली अवस्था अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकात लग्न लागूनही मुलगी वयात येईपर्यंत माहेरी राहणे सर्वसामान्य होते. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये रखमाबाईंवर लावलेला दावा नेमका या अंतरातून उद्भवला : अकराव्या वर्षी लग्न झालेले, पण नांदणे झालेले नाही. दोन्ही व्यवस्थांची कारणे भिन्न होती आणि साम्य फार ताणू नये. तथापि मरीयेची स्थिती समजण्यास 'मागणी'पेक्षा 'लग्न लागलेली, पण सासरी न गेलेली' हे वर्णन अधिक जवळचे आहे.

मध्ययुगात हे दोन्ही टप्पे एकाच समारंभात आणले गेले आणि केतुबा या विवाहकराराचे वाचन त्यांच्यामध्ये येऊ लागले. कोकणातून बोरघाट चढून पुण्यात स्थिरावलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल कुटुंबांतही विवाह असाच होतो. मेंदी, एलियाहू हानाबीच्या स्मरणाचा पोहे-गूळ-खोबऱ्याचा मलिदा आणि वधू येताना वराने गावयाचे हिब्रू गीत ही त्यांची खास वैशिष्ट्ये. म्हणजे आजचा यहुदी विवाह पाहूनही ते जुने अंतर ध्यानात येत नाही.

नव्या कराराची प्रतिमासृष्टी मात्र त्या अंतरावरच उभी आहे. परमेश्वर पती आणि इस्राएल पत्नी ही कल्पना होशेय व यशया यांच्याकडून आलेली. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (११:२) तिला नेमके वळण दिले : मंडळीचे एका पतीशी वाग्दान झाले आहे आणि तिला शुद्ध कुमारी म्हणून त्याच्यापुढे उभे करायचे आहे. बंधन पूर्ण, सहवास बाकी. 'कोकऱ्याचे लग्न' येते ते थेट प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात. दहा कुमारींच्या दाखल्यातील वराचा विलंबही याच अवकाशातला. मागणी हा केवळ प्रस्ताव मानला, तर कुमारींची जागरणे निरर्थक ठरतात आणि पौलाची चिंता अतिरेकी वाटते.

विवाहप्रथेच्या आधारे शास्त्रवचने उलगडणाऱ्या लोकप्रिय पुस्तकांत व प्रवचनांत मात्र पुराव्यापलीकडे पुष्कळ काही सांगितले जाते. वराने पुढे केलेला द्राक्षारसाचा पेला वधूने प्यायला की विवाह ठरे, आणि शेवटच्या भोजनातील पेला तोच, असे म्हणतात. पण पेला पिणे हा मिश्नेतील तीन मार्गांपैकी नाही, आणि पहिली तीन शुभवर्तमाने त्या भोजनाला वल्हांडणाची पार्श्वभूमी देतात. वराचा पिता खोली बांधून झाल्याचे पाहून लग्नाचा दिवस ठरवी, म्हणून 'तो दिवस कोणालाच ठाऊक नाही', हेही तसेच. मिश्नेत कुमारिकेच्या विवाहास बुधवार आणि विधवेच्या विवाहास गुरुवार नेमलेला आहे. दिवस अज्ञात ठेवण्याचा नियम तेथे नाही. योहानाच्या चौदाव्या अध्यायातील पित्याच्या घरातील जागांचे वचन विवाहाविषयी आहे, असे त्या अध्यायात कोठेही सूचित होत नाही.

उलट, ज्या स्थळांचा आधार भक्कम आहे ती पुष्कळदा दुर्लक्षित राहतात. योहान ३:२९ मधील 'वराचा मित्र' ही यहुदी विवाहातील मान्य भूमिका. बाप्तिस्मा करणारा योहान ती स्वतःकडे घेऊन बाजूला होतो. आणि प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात तर प्रथेची दिशाच बदलते. तेथे वधू वराच्या घरी नेली जात नाही. वधूप्रमाणे शृंगारलेली यरुशलेम नगरी स्वर्गातून खाली उतरते आणि देवाचा मंडप मनुष्यांमध्ये उभा राहतो.