बंदिस्त सिंहांतील मज्जासंस्थेचे विकार आणि वैद्यकीय प्रतिमांकन

प्राणिसंग्रहालयातील सिंहाचा छावा चालताना अडखळू लागतो, त्याची मान एका बाजूस कलते, कधी तो शून्यात वर पाहत राहतो. ही लक्षणे अनेक विकारांत समान असतात. मात्र कारणानुसार छाव्याचे भवितव्य बदलते. प्रस्तुत लेखात या निदानप्रक्रियेतील प्रतिमांकनाच्या स्थानाचे विवेचन केले आहे.

बंदिस्त छाव्यांतील एक प्रमुख कारण म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता होय. मार्जारकुलातील प्राण्यांना वनस्पतिजन्य कॅरोटिनपासून हे जीवनसत्त्व पुरेसे तयार करता येत नाही. ते प्रामुख्याने भक्ष्याच्या यकृतातून मिळवावे लागते. वनातील सिंह शिकारीचे यकृत आवर्जून खातो. पिंजऱ्यात मात्र पुष्कळदा निव्वळ मांसच पुढे येते. परिणामी वाढीच्या वयात कवटीचे मागील हाड जाड होते, लहान मेंदूची जागा आक्रसते व त्याचा काही भाग कवटीच्या तळाशी असलेल्या महारंध्रातून मानेकडे ढकलला जातो.

साध्या क्ष-किरण चित्रात हाडांच्या छाया एकमेकींवर पडतात. सी.टी. स्कॅनने हाडाची जाडी मोजता येते. ढकलला गेलेला लहान मेंदू आणि मज्जारज्जूत साठलेला द्रव एम.आर.आय. मध्येच स्पष्ट दिसतो. रक्ततपासणीवर विसंबून चालत नाही, कारण यकृतातील साठा बराच घटेपर्यंत रक्तातील प्रमाण टिकून राहते.

तपासणी सोपी नाही. यंत्रे बहुधा माणसांसाठी बनविलेली, आणि पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या आसपास! संपूर्ण भूल अपरिहार्य असते. कवटीतील दाब आधीच वाढलेला असल्यास ही भूलच जिवावर बेतू शकते. शरीरात लोखंडाचा तुकडा राहिला असेल तर चुंबकीय क्षेत्रात तोही घातक ठरतो.

निदान लवकर झाल्यास जीवनसत्त्वाची पूर्तता उपयोगी पडते. काही छाव्यांत मागील हाडाचा भाग काढण्याची शस्त्रक्रियाही यशस्वी झाली आहे. मात्र केवळ लक्षणांवरून दीर्घकाळ मोठी मात्रा देणे अनुचित होय, कारण ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेकही हाडांना अपायकारक असतो.

विषाणुजन्य विकारांत प्रतिमांकनाची मर्यादा जाणवते. २०१८ मध्ये गीर परिसरात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा नमुन्यांतील कॅनाइन डिस्टेंपर विषाणूची ओळख पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत पटली. हा विषाणू मेंदूस ग्रासतो, तरी आरंभी मेंदूची प्रतिमा निर्दोष येऊ शकते. अशा वेळी प्रतिमेसोबत प्रयोगशाळेतील विषाणुपरीक्षण करावेच लागते आणि अहवाल येईपर्यंत छाव्यास इतरांपासून वेगळे ठेवावे लागते.