ऐंशीव्या वर्षीही राहता येईल असं गाव

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, मुंबईतल्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या डोक्यात गुहागर होतं. कधीकाळी कामगारांच्या सहलीला ते तिथे गेले होते. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन समुद्रावर घालवलेली एक संध्याकाळ त्यांच्या मनातून गेली नव्हती. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "समुद्र बघायला लई चांगला. पण रात्री अडीचला तुमच्या छातीत दुखलं तर त्यो समुद्र काय करणार?" दीड वर्ष हे बोलणं चाललं. शेवटी घर झालं ते वैरागला. स्वतःच्या गावी नव्हे. गावापासून आठ किलोमीटरवर, वैरागच्या पेठेत. त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मला तो निर्णय बेचव वाटला होता. आज वाटतं, आमच्या घरात इतका विचार करून घेतलेला निर्णय दुसरा नाही.

निवृत्तीनंतर कमी खर्चात कुठे राहावं, हा प्रश्न ज्यांना खरोखर सतावतो त्यांच्यापैकी बहुतेकांना सरकारी पेन्शन नसते. कारखाना, सूतगिरणी, एसटी, खासगी कंपनी अशा ठिकाणी जन्म गेलेल्यांना मिळते ती १९९५ची कर्मचारी पेन्शन योजना. तिचा हिशेब साधा आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, मर्यादा १५ हजारांची. त्या मर्यादेवर पूर्ण ३५ वर्षं धरली तर महिना साडेसात हजार होतात. पण सप्टेंबर २०१४पूर्वीची वर्षं साडेसहा हजारांच्या जुन्या मर्यादेनं मोजली जातात, म्हणून हातात पडतं ते बरंच कमी. किमान पेन्शन २०१४पासून एक हजार रुपये आहे. अण्णांना तीन हजारांच्या आत मिळते.

उरलेला भार फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशावर. तो ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवला तर सध्या ८.२ टक्के व्याज मिळतं आणि मर्यादा ३० लाखांची आहे. दहा लाख ठेवले तर दर तिमाहीला २०,५०० रुपये, म्हणजे महिन्याला पावणेसात हजारांच्या आसपास. त्यात पेन्शन मिळवली की दोन जिवांचा महिना दहा हजारांच्या आतबाहेर उभा राहतो. इथंच घराच्या किमतीचा खरा अर्थ कळतो. पंधरा लाखांच्या ऐवजी पंचवीस लाखांचं घर घेतलं तर फरक दहा लाखांचाच दिसतो; पण तो दर तीन महिन्यांनी साडेवीस हजारांनी जन्मभर जाणवतो. घरात जेवढं कमी अडकेल तेवढं पोस्टात जास्त राहील, हे अण्णांचं सूत्र. माझ्या मते जागा निवडताना पहिलं गणित हेच मांडावं.

कोकणाबद्दल मनात आकस ठेवून मी लिहीत नाही. ज्यांची मुळं तिथली आहेत, आवारात माड-पोफळी आहेत आणि भावकी शेजारी आहे त्यांनी खुशाल परतावं. पण घाटावरच्या माणसानं हापूस आणि मासळीच्या ओढीनं तिथे म्हातारपण काढायला जाण्यापूर्वी पावसाळा बघून यावा. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्यात साडेपाचशे-सहाशे. दमा आणि सांधेदुखी असलेल्याला तो चार महिन्यांचा ओलावा झेपतो का, हे कळायला एक पावसाळा काढावाच लागतो. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड गंजतं, खिडकीचे गज आणि पाण्याचा पंप लवकर बदलावे लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१मध्ये, चिपळूण पाण्याखाली गेलं. तरण्या माणसाला हे दिवस निभावून नेता येतात. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या बहात्तर वर्षांच्या बाईचं काय, याचं उत्तर प्लॉट विकणारा देत नाही.

जमिनीचा मुद्दा तर आणखी नाजूक आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. कूळ कायद्याच्या ६३व्या कलमाची ती अट आहे. शिवाय किनाऱ्याचे वेगळे नियम. २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनारपट्टीवर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. दाट वस्तीच्या गावांत ही मर्यादा ५० मीटरवर येते. 'गॅलरीतून समुद्र दिसेल' असं सांगून विकलेला गुंठा नेमका त्या पट्ट्यात असला, तर आयुष्याची पुंजी वाळूत गेली म्हणायची.

आता वैरागकडे येऊ. हे बार्शी तालुक्यातलं, सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. ग्रामदैवत संतनाथ महाराज. आजूबाजूच्या खेड्यांतली ज्वारी, तूर, सोयाबीन इथे येते. खतं, कापड, औषधं, चष्मे इथूनच जातात. बार्शी पाऊण तासाच्या आत, सोलापूर तासा-सव्वा तासावर. सोलापूरकडे जाताना नान्नज लागतं, माळढोकाचं आणि द्राक्षांचं. पाहायला म्हणून मुद्दाम कुणी वैरागला येत नाही, आणि राहायला ते का चांगलं याचं एक कारण तेही आहे. पर्यटनाच्या गावाला हंगामात भाव चढतात. वैरागच्या भाजीवालीला हंगाम म्हणजे मेथीचा.

अण्णांनी स्वतःचं गाव सोडून वैराग का धरलं, ते त्यांनीच मला एकदा स्टँडवर बसून दाखवलं होतं. सकाळची वेळ. सोलापूर गाडीची वाट बघत बाकड्यावर सात-आठ म्हातारी माणसं. एकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, दुसऱ्याच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, एका आजीच्या कमरेला औषधाची चिठ्ठी खोचलेली. "हे बघ," अण्णा म्हणाले, "साठीनंतरचं सगळं काम या बाकड्यावरनं सुरू होतं. बँक, दवाखाना, लेकीकडं जाणं. माझ्या गावातनं या बाकड्यापर्यंत यायला दुसऱ्याची मोटरसायकल लागती. इथनं मी चालत येतो."

तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगतो: शहर महाग असतं आणि खेडं एकाकी पडतं, म्हातारपणासाठी मधलं पेठेचं गाव बघा. एसटीच्या मुख्य रस्त्यावरचं, जिथे मेडिकल रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि गिरणी, पोस्ट, बँक पायी गाठता येते असं. वयाच्या ७५ वर्षांनंतर एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२पासून मोफत आहे, ६५ ते ७५पर्यंत अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३पासून सगळ्याच बायकांना अर्धं. ही सवलत उपयोगी पडते ती गाड्या थांबतात त्या गावात. दिवसातून एक मुक्कामी गाडी येते तिथे ती कागदावरच राहते. पेन्शनचंही बरंच सोपं झालं आहे: जानेवारी २०२५पासून या योजनेची पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेतून घेता येते, आणि हयातीचा दाखला मोबाईलवरून देता येतो. मुंबईच्या शाखेशी बांधून राहायचं कारण उरलेलं नाही.

दवाखान्याचं पारडं बार्शीमुळे जड होतं. तालुक्याचं गाव असूनही बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, जगदाळे मामा हॉस्पिटल आहे; मराठवाड्यातूनही रोगी तिथे येतात. त्यापुढे सोलापूरचं सिव्हिल आणि मोठी खासगी रुग्णालयं. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, हे ऑक्टोबर २०२४पासून सुरू झालं. पण कार्ड काढून थांबू नका. तुमच्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे आणि तिथे कोणते उपचार होतात हे आधी जाऊन विचारा. अण्णांनी घर ठरवण्यापूर्वी एक गोष्ट केली होती, ती मला फार महत्त्वाची वाटते. रात्री अकराला एक जीप भाड्यानं घेऊन ते वैरागहून बार्शीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि घड्याळ बघितलं.

वैरागची उणी बाजूही सांगायला हवी. ऊन भाजून काढतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. पाणी ही दुसरी अडचण. हा अवर्षणाचा पट्टा. तालुक्यात हिंगणी, जवळगावसारखे मध्यम प्रकल्प आहेत, पण पावसानं ओढ दिली की तेही आटतात. नळ कितव्या दिवशी येतो, बोअर किती फुटांवर आहे, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो का, हे शेजारणीला विचारावं. घरमालक सांगणार नाही. काकूंनी न्हाणीजवळ जमिनीत हौद बांधून घेतला आणि गच्चीचं पावसाचं पाणी त्यात सोडलं. घराच्या खर्चात ती भर पडली. त्याशिवाय इथे राहणं अवघडच गेलं असतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कागदांत, म्हणून इथे जरा थांबतो. अण्णांना आधी एक जुनं माळवदी घर मनात भरलं होतं. दोन हात रुंद दगडी भिंती, वर पांढऱ्या मातीचं माळवद, मधल्या खणात सवणं. त्यातून भाकरीएवढा उजेड शेणानं सारवलेल्या भुईवर पडलेला. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत गारवा. किंमतही आवाक्यातली. अण्णांनी तिथल्या तिथे पन्नास हजार टोकन दिलं. पंधरा दिवसांनी विकणाऱ्याची बहीण परगावाहून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "घर बापाचं हाय. मला कोण इचारलं?" तिचं बरोबरच होतं. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. घर अजून आजोबांच्या नावावर होतं, वारसनोंदच झाली नव्हती. व्यवहार मोडला, आणि टोकन परत यायला आठ महिने लागले.

स्वस्त जुन्या घराची किंमत कमी असते त्यामागे पुष्कळदा असं कारण असतं. नमुना आठचा उतारा घरपट्टीसाठी असतो, तो मालकीचा पुरावा धरून चालू नये. वैरागला आता नगरपंचायत आहे, त्यामुळे कर आकारणीची नोंद तिच्याकडे बघावी लागते. मिळकत पत्रिका असेल तर ती, नसेल तर मागची खरेदीखतं पाहावीत. बहिणींनी हक्क सोडला असेल तर हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं हवं. शंभराच्या स्टॅम्पवर सही घेऊन भागत नाही. वकिलाची फी दहा हजार गेली तरी ती घराच्या किमतीत धरा. मोकळा प्लॉट असेल तर बिगरशेती आदेश बघा. गुंठ्यांच्या व्यवहारांबाबत तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलले आहेत. आजचा नियम तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, स्वतः जाऊन विचारा.

आणखी एक सांगतो, ते थोडं घरातलं आहे. नवं घर घेतलं की लगेच मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायची घाई अनेक आई-वडील करतात. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३व्या कलमानं, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर परत घेता येते. पण ती अट पत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. नाहीतर मृत्युपत्र करावं, हे बरं. मुलांवर प्रेम असावंच. डोक्यावरचं छप्पर मात्र दोघं असेपर्यंत दोघांच्या नावावर राहू द्यावं.

मागच्या थंडीत मी वैरागला गेलो होतो. हुरड्याचे दिवस. सकाळी साडेसहाला अण्णांच्या दारात दूधवाला आला, त्यानं कडी वाजवली आणि आतून उत्तर यायला जरा उशीर झाला. तेवढ्यात समोरची मावशी हातातला झाडू टाकून रस्ता ओलांडून आली होती. अण्णा न्हाणीत होते, इतकंच. पण त्या दोन मिनिटांत मला उमगलं की अकरा वर्षांत त्यांनी इथे काय मिळवलं. असे शेजारी घराबरोबर विकत मिळत नाहीत. म्हणून हातपाय धड असताना, साठीच्या आसपासच जायला हवं. पंच्याहत्तरीला नव्या गावात नवी ओळख होणं फार कठीण असतं.

तुमच्याही मनात एखादं गाव असेल तर घर घेऊ नका, आधी वर्षभर भाड्यानं राहा. तेवढं जमत नसेल तर निदान पंधरा दिवस राहा, आणि तेही त्या गावच्या वाईट दिवसांत: कोकणात जुलैमध्ये, वैरागला मेमध्ये. नळाला पाणी आलं का बघा. एसटीनं प्रवास करा. एकदा रात्री दवाखान्यापर्यंत जाऊन या. मग टोकन द्या.