‘सत्रसमाप्ती’ म्हणजे काय?

विधिमंडळाच्या कामकाजाच्या बातम्यांत ‘सभागृह तहकूब झाले’ आणि ‘अधिवेशन संस्थगित झाले’ असे दोन वाक्प्रयोग आढळतात. पुष्कळदा ते एकाच अर्थाने घेतले जातात. परंतु घटनेच्या दृष्टीने या दोन भिन्न कृती असून त्या करणारे अधिकारीही भिन्न आहेत. अधिवेशन संस्थगित करण्यास संविधानाच्या मराठी पाठात ‘सत्रसमाप्ती’ ही संज्ञा योजिली आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस ती ‘सत्रावसान’ या हिंदी नावाने परिचित असेल.

तहकुबी ही केवळ बैठकीची असते. ती तासाभराची असो वा बेमुदत, अधिकार अध्यक्षांचा असतो आणि सत्र कायम राहते. सत्रसमाप्ती मात्र राज्यात अनुच्छेद १७४ अन्वये राज्यपाल आणि संसदेच्या बाबतीत अनुच्छेद ८५ अन्वये राष्ट्रपती करतात. ती झाल्यावर सभागृह पुन्हा भरवावयाचे तर नव्याने आमंत्रण काढावे लागते. सभागृहाचे आयुष्य मात्र संपत नाही. ते विसर्जनाने संपते. प्रलंबित विधेयकेही सत्रसमाप्तीमुळे व्यपगत होत नाहीत.

हा भेद किती निर्णायक ठरू शकतो हे पंजाबात १९६८ साली दिसून आले. अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना अध्यक्षांविरुद्ध अविश्वासाचा प्रस्ताव आला, गोंधळ माजला आणि ७ मार्च रोजी अध्यक्षांनी सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केले. ३१ मार्चपूर्वी अर्थसंकल्प संमत न झाल्यास १ एप्रिलपासून राज्याचा खर्च कशातून भागवावयाचा, असा पेच उभा राहिला. तहकुबी उठविण्याचा अधिकार राज्यपालांना नव्हता आणि सत्र चालू असल्याने अध्यादेशही काढता येत नव्हता. तेव्हा राज्यपाल डी. सी. पावटे (धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे माजी कुलगुरू म्हणून बेळगावकडील जुन्या वाचकांस ते आठवत असतील) यांनी ११ मार्च रोजी सत्रसमाप्ती केली. सत्रच संपल्याने तहकुबीस आधार उरला नाही. १३ मार्च रोजी अध्यादेश निघाला: वित्तीय कामकाज पुरे होईपर्यंत सभागृहाच्या संमतीवाचून तहकुबी करता येणार नाही. १८ मार्च रोजी सभागृह पुन्हा भरले. आपली पूर्वीची तहकुबी कायम असल्याचा निर्णय देऊन अध्यक्ष निघून गेले. उपाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली अर्थसंकल्प संमत झाला. उच्च न्यायालयाने ही कार्यवाही अवैध ठरविली. परंतु जुलै १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. सत्रसमाप्तीच्या अधिकारावर अनुच्छेद १७४ मध्ये कोणतेही बंधन घातलेले नाही, असे मत न्यायालयाने व्यक्त केले.

येथे सत्रसमाप्ती सभागृह पुन्हा भरविण्यासाठी झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. ते बंद ठेवण्यासाठीही तीच कृती उपयोगी पडते. आपल्याकडे दोन सत्रांतील अंतर सहा महिन्यांहून अधिक असता कामा नये, हे बंधन आहे. आणि तो काळ मागील सत्राच्या अखेरच्या बैठकीपासून मोजला जातो, सत्रसमाप्तीच्या तारखेपासून नव्हे. ज्या ब्रिटनकडून ही प्रथा आपण घेतली, तेथे सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून संसदेची सुमारे पाच आठवड्यांसाठी सत्रसमाप्ती झाली. २४ सप्टेंबर रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ती अवैध व शून्यवत ठरविली. दुसऱ्याच दिवशी सभागृह भरले आणि सत्र संपलेच नव्हते असे धरून कामकाज पुढे चालू झाले.