जुन्या तुळईचा पाट

पुण्याच्या जुन्या पेठांतून सकाळी फेरफटका मारणाऱ्या माणसास एक दृश्य आता अंगवळणी पडले आहे. एखाद्या वाड्याची दर्शनी भिंत उतरविलेली असते, चौकातील तुळशीवृंदावन विटामातीच्या ढिगाऱ्यात अर्धे बुडालेले असते, आणि रस्त्याच्या कडेला, वाहतुकीस होईल तितका अडथळा करीत, तुळया, कड्या, वासे व दारांच्या चौकटी एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. वाडा पाडण्याचा मक्ता घेणारा इसम माती फुकट नेऊ देतो, विटांचा भाव हसतमुखाने सांगतो, परंतु लाकडाकडे कोणी जरा निरखून पाहू लागले की त्याची मुद्रा सावध होते. कारण त्या साऱ्या पसाऱ्यात खरी मालमत्ता कोणती, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र संदेह नसतो.

ज्यांना रविवारची दुपार, घराची एखादी गॅलरी आणि हाताला काही काम असावे अशी इच्छा, एवढेच भांडवल उपलब्ध आहे, अशा हौशी मंडळींनीही या लाकडाकडे लक्ष द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच. पेशाने सुतार असलेल्यांना यात नवे काही आढळणार नाही. झालेच तर त्यांना हसू येईल, आणि तेही रास्तच ठरेल.

वाड्याच्या बांधणीत लाकडाचे स्थान काय होते, हे समजल्याशिवाय त्याची योग्यता कळत नाही. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या व पाटणी असा जो सांगाडा उभा राही, तोच इमारतीचा भार वाही. मधल्या विटामातीने त्या सांगाड्याच्या मोकळ्या जागा भरलेल्या असत. म्हणूनच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा मातीच्या भिंती विरघळून गेल्या तरी पुष्कळ लाकूड शाबूत राहिले. हे लाकूड बहुतांशी सागाचे, आणि तेही सावकाश वाढलेल्या रानटी सागाचे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तैलद्रव्ये असल्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरविलेली 'त्रिंकोमाली' ही ब्रिटिश युद्धनौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे, यावरून या काष्ठाच्या चिवटपणाची कल्पना यावी.

साग ही राज्याची चीज आहे, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी. मराठेशाहीतील राजनीतीवरच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराकरिता लाकूड कसे मिळवावे याचे जे नियम घालून दिले, त्यांत साग-शिसवासारखे वृक्ष परवानगीने तोडावेत, परंतु रयतेच्या आंबा-फणसास, तिने ते लेकरांप्रमाणे वाढविले असल्यामुळे, हात लावू नये, असा आशय आहे. आजही ताज्या तोडीच्या सागाच्या वाहतुकीस वनखात्याचा परवाना लागतो. पाडलेल्या इमारतीतील लाकूड घेणाऱ्यानेसुद्धा वखारवाल्याकडून पावती मागून घ्यावी. पुढे कोणी पृच्छा केली तर तोंडी खुलाशापेक्षा कागद अधिक बोलतो.

आता खरेदीविषयी. इमारती लाकडाचा भाव घनफुटावर ठरतो, आणि त्याचे गणित एकदा पाठ झाले की निम्मी फसवणूक टळते: लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत धरून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्यास १४४ने भागावे. आठ फूट लांब, सहा इंच रुंद व चार इंच जाड तुळईचे १९२ भागिले १४४ म्हणजे एक पूर्णांक एकतृतीयांश घनफूट झाले. खरा वादविवाद याच्यापुढे आहे, कारण तुळईची जी टोके शतकभर भिंतीत गाडलेली होती ती ओल खाऊन बहुधा कुजलेली असतात, मध्ये कड्यांच्या खाचा असतात, आणि वखारवाला टोकासकट, खाचांसकट सगळे मोजतो. चाकूचे पाते टोकाशी दाबून पाहावे. ते लोण्यात जावे तसे गेले तर तेवढा भाग मापातून वजा करण्याचा आग्रह बिनदिक्कत धरावा. कडेला फिकट रंगाचा पट्टा असेल तर तो सागाच्या बाहेरचा कोवळा थर होय, त्यास गाभ्याचे संरक्षण नाही, आणि भुंगेऱ्यांची बारीक भोके असतात ती तेथेच. भोके जुनी असतील तर फारसे बिघडत नाही. भोकांखाली पिठासारखा ताजा भुसा सांडलेला दिसला, तर मात्र तो जिन्नस कितीही स्वस्त असला तरी घरात आणू नये.

रंगविलेल्या दारांचा व चौकटींचा मोह मी टाळतो. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९०पेक्षा अधिक नसावे हा निर्बंध आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगाच्या थरांत किती शिसे असेल याची खातरजमा घरी करता येत नाही, आणि असा रंग कोरडा घासून त्याची धूळ लहान मुलांच्या घरात उडविणे हा हौसेचा फार महाग प्रकार झाला. तसे पाहता कोणत्याही लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांस घातकच. नाकातोंडावर नीट बसणारा मास्क असल्याखेरीज घासकामास बसू नये.

तुळई घरी आली की ती चिरून फळ्या करणे ओघाने आले, आणि येथे पहिला अनपेक्षित नकार पदरी पडतो. सॉ मिलचा मालक जुने लाकूड दिसताच मान हलवितो. त्याचा दोष नाही. आत दडलेला एकच खिळा त्याच्या पट्टा-करवतीचे पाते तोडू शकतो. म्हणून एक चांगला लोहचुंबक दोरीस बांधून लाकडाच्या चारी अंगांवरून सावकाश फिरवावा, जेथे तो ओढला जाईल तेथे खडूने खूण करावी आणि पटाशीने कोरून, पकडीने धरून एकेक खिळा उपटावा. माझ्या पहिल्या तुळईतून एकोणीस निघाले. त्यांतील काही लोहाराच्या हातचे, चौकोनी अंगाचे होते.

पुष्कळांचा असा समज असतो, आणि माझाही होता, की शंभर वर्षे मुरलेले लाकूड आता जागचे हलणार नाही. या समजापायी मी जो पाट गमावला त्याची हकीकत सांगितली पाहिजे. भर श्रावणात मी दोन फळ्या कडेस कड लावून सरसाने जोडल्या, रंधा मारून फूटभर रुंदीचा सुरेख पाट केला, आणि त्याखाली दोन आडव्या पट्ट्या सरस लावून, वर चार-चार स्क्रू आवळून, जन्मात सुटणार नाहीत अशा बसविल्या. मार्चच्या अखेरीस एका दुपारी माजघरातून बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज आला. फळ्यांचा सांधा शाबूत होता. त्याच्या शेजारी, एका फळीच्या मध्यावरून, पाट लांबीच्या बाजूने उकलला होता.

कारण साधे आहे. लाकूड कितीही जुने असले तरी हवेतील दमटपणा ते शोषते व सोडते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. हा बदल लांबीत जवळजवळ शून्य, रुंदीत मात्र सागासारख्या सालस लाकडातही फुटामागे दोन-अडीच मिलिमीटर होऊ शकतो, आणि फळी खोडाच्या कोणत्या अंगाने चिरली आहे यावर तो कमीअधिक होतो. आडव्या पट्टीचा लांबीचा तंतू हलत नव्हता, तिला जखडलेली फळी आक्रसू पाहत होती. तिने वाट काढली ती स्वतःस फाडून. आमच्या आजीचा पाट मी मग उलटा करून खालची पट्टी पाहिली. फळीत एक खाच होती, तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद, आणि त्याच आकाराची पट्टी एका बाजूने ठोकून आत सरकविलेली होती. सरस नाही, खिळा नाही. पट्टी फळीस वाकू देत नाही, परंतु खाचेतल्या खाचेत फळी मोकळी राहते. तो पाट करणाऱ्या सुताराने दमटपणाचे कोष्टक पाहिले असण्याचा संभव नाही. कोणाचा तरी पाट फुटलेला मात्र त्याने पाहिला असेल.

हौशी माणसाने आरंभ पाटानेच करावा असे माझे मत याच कारणास्तव आहे. त्यास हत्यारेही मोजकी लागतात: एक बारीक दातांची करवत, एक रंधा, अर्धा व एक इंची पटाशी, लाकडी मोगरी, गुण्या, रेघ मारण्यास खतकस आणि फळ्या आवळून धरण्यास दोन शिकंजे. सागात वाळूचा अंश असतो, त्यामुळे धार लवकर जाते, आणि कामाच्या तासातील पंधरा मिनिटे सहाणेवर घालविण्याची तयारी हवी. सरस लावण्यापूर्वी सागाची कड थिनरच्या फडक्याने पुसून वरचे तेल काढावे, अन्यथा सांधा धरत नाही.

साग परवडत नसेल तर कोकणात पाडलेल्या घरांतील फणस व किंजळ पाहावे; फणसाचे ताजे पिवळेपण काळाबरोबर मधासारखे गडद होत जाते. औद्योगिक वसाहतींबाहेर पाइनच्या पॅलेटच्या राशी मिळतात, त्यांवरील शिक्का वाचल्याखेरीज त्या घेऊ नयेत: 'एचटी' असेल तर लाकूड ५६ अंश सेल्सियसपर्यंत अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेले आहे, 'एमबी' असेल तर विषारी वायूने, आणि हे दुसरे घरात नको. पूर्ण झालेल्या वस्तूस जवसाचे तेल पातळ हाताने लावावे आणि तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात न टाकता दोरीवर पसरून वाळवावे. चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते.

माझ्या त्या पहिल्या तुळईचे एक टोक अद्याप माझ्याकडे आहे. कुजका भाग कापून टाकल्यावर दीड फूट उरले, त्यात एक चौकोनी भोक असून त्याच्या शेजारी पटाशीने मारलेल्या तीन आडव्या रेघा आहेत. कोणता कुसू कोणत्या भोकात बसवायचा याची ती बहुधा सुताराने स्वतःसाठी केलेली खूण असावी. चहाच्या कपांकरिता या तुकड्याची मांडणी करावी असे घरात ठरले, आणि ती मी केलीही; मात्र रंधा त्या रेघांच्या बोटभर अलीकडे थांबविला, त्यामुळे मांडणीची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी काळपट व खडबडीत राहिली आहे. पाहुणे ते काम अर्धवट राहिले असे समजतात.