कपभर पिठाचे वजन किती?

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्यात नाचणीचे पीक कुमरी शेतीच्या काळापासून चालत आले आहे. आंबील-भाकरीच्या या पिठाचा नाताळात केक करायचा म्हटले, तर पाककृतीच्या पहिल्याच ओळीत अडचण उभी राहते. तिथे लिहिलेले असते, ‘दोन कप मैदा’. मैद्याऐवजी नाचणी घ्यायची, पण किती?

कप हे आकारमानाचे माप आहे आणि तेही सर्वत्र एक नाही. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा, जपानमधला २०० चा. बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पाकपुस्तकात सपाट भरलेल्या मापांचा आग्रह धरला. तरी भरण्याची रीत हातागणिक बदलतेच. चमच्याने अलगद भरून वरून सुरी फिरवली, तर कपात साधारण १२० ग्रॅम मैदा मावतो. कपच डब्यात खुपसून भरला, तर हा आकडा १५० पर्यंत जातो. तीन कपांच्या केकमध्ये ९० ग्रॅम पीठ जास्त पडले, की केक कोरडा होऊन चिरतो आणि दोष बिचाऱ्या बेकिंग पावडरला मिळतो.

हा घोळ आपल्याला नवा नाही. धान्य मोजणारा मापी शेर वेगळा आणि गूळ तोलणारा वजनी शेर वेगळा असे. ८० तोळ्यांचा वजनी शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. पण चार मापी शेरांची पायली भाताने भरली की तांदळाने, यावर तिचे वजन ठरे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली, पायली मागे पडली. आता कपाच्या रूपाने ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली आहे म्हणायची.

तोडगा घरच्या काट्यावर आहे. रिकामे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि ते पाण्याने काठोकाठ भरावे. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर भांड्यात मावतात. मग भांडे कोरडे करून त्यात नाचणीचे पीठ तीनदा भरून तोलावे आणि सरासरी डब्यावर लिहून ठेवावी. गिरणीतून आणलेले भरड पीठ आणि पाकिटातले बारीक पीठ यांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून छापील तक्त्यापेक्षा आपल्या पिठाचा आकडा खरा.

पाककृतीतला मैदा आधी ग्रॅममध्ये आणावा: दोन कप म्हणजे २४० ग्रॅम. तेवढीच नाचणी तोलून घ्यावी, कपांशी कप जुळवू नये. नाचणीत ग्लुटेन नसल्याने केक ठिसूळ होतो. निम्मा मैदा ठेवणे नवशिक्यांना सोयीचे. अमेरिकी कपात साखर सुमारे २०० ग्रॅम, लोणी २२५, तेल २२० आणि दूध २४५ ग्रॅम भरते. बेकिंग पावडर मात्र चमच्यानेच घ्यावी. एका चहाच्या चमच्यात ती जेमतेम चार-पाच ग्रॅम असते आणि घरगुती काटा एवढ्या वजनात एखाद्या ग्रॅमने सहज चुकतो.

अंड्यांचेही तसेच आहे. पाककृतीतले अंडे कवचाविना ५० ग्रॅमचे धरलेले असते आणि गावठी अंडे त्याहून बरेच लहान निघते. तिथे तीनऐवजी चार अंडी फोडून तोलावीत आणि १५० ग्रॅम मिश्रण घ्यावे.