बुद्ध्यांक, शाईचे डाग आणि बोटांचे ठसे

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी ‘ॲप्टिट्यूड टेस्ट’च्या पाट्या झळकू लागतात. नोकरीआधी व्यक्तिमत्त्व चाचणी असते, मोबाइल दोन मिनिटांत ‘तुम्हाला नैराश्य आहे’ असे सांगून मोकळा होतो आणि आठ वर्षांच्या पोराचा आयक्यू नातेवाइकांत मिरवला जातो. या चाचण्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवणारे आणि त्यांना थोतांड म्हणणारे, दोघेही एक गोष्ट विसरतात. प्रत्येक चाचणी एका ठरावीक प्रश्नासाठी बनलेली असते आणि तिला भलताच प्रश्न विचारला की ती भलतेच उत्तर देते.

गैरसमज १ : बुद्ध्यांक जन्मतः ठरतो आणि कायम राहतो.

वस्तुस्थिती : पहिली व्यवहार्य बुद्धिमापन चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळ्या शिकवणीची गरज आहे, एवढेच त्यांना शोधायचे होते. बुद्धी आयुष्यभरासाठी ठरलेली असते, हे मत बिनेंना मुळीच मान्य नव्हते. अशा मुलांचे लक्ष आणि स्मरण सुधारावे म्हणून त्यांनी व्यायामही सुचवले होते.

बुद्ध्यांक काढण्यासाठी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली. आजच्या बहुतेक चाचण्यांत हा भागाकार उरलेला नाही. मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी होते, सरासरी १०० धरली जाते आणि सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. झोप, भीती, परीक्षकाशी जमलेली किंवा न जमलेली गट्टी यांमुळे चार-पाच गुण सहज इकडेतिकडे होतात. त्यामुळे चुलत भावाचा १०४ आणि आपल्या मुलाचा १०८ यात फुशारकी मारण्यासारखे काही नसते.

गैरसमज २ : या चाचण्या परदेशी, आपल्या मुलांना त्या लागूच पडत नाहीत.

वस्तुस्थिती : नुसते भाषांतर करून दिली, तर कोणतीही चाचणी मुलावर अन्यायच करते. पण इथल्या मुलांसाठी चाचण्या बेतण्याचे काम बरेच जुने आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडमध्ये बिने चाचणीची कन्नड आणि मराठी रूपे तयार केली. बिने-कामत चाचणी भारतात पुढे अनेक दशके वापरात राहिली. नागपुरात ए. जे. मलिन यांनी वेश्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीला भारतीय रूप दिले. खरी अडचण वेगळीच आहे. जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले, की विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेले. मापदंड जुने राहिले की आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगलेला दिसू शकतो.

गैरसमज ३ : बुद्ध्यांक कमी, म्हणजे मूल परावलंबी.

वस्तुस्थिती : रोजचे जगणे मोजण्यासाठी निराळी साधने आहेत. एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी मांडली आणि तिलाही भारतीय रूप मलिन यांनीच दिले. त्यात ८९ बाबी आहेत. इथे मुलाला पेपर सोडवावा लागत नाही, मुख्यतः आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारतात. स्वतःच्या हाताने जेवतो का? कपडे स्वतः घालतो का? ‘येतं, पण मी करू देत नाही,’ असे एखादी आई म्हणाली, तर तीही महत्त्वाची माहिती ठरते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक नियमांतही बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी ठरवताना या श्रेणीच्या गुणांचा आधार घेतला होता.

गैरसमज ४ : प्रश्नावलीत नैराश्य निघाले, म्हणजे आजार पक्का.

वस्तुस्थिती : पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांतील मनःस्थितीविषयी नऊ प्रश्न असतात. गुण ० ते २७. दहा किंवा अधिक गुण आले, तर पुढे नीट तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. थायरॉइडचा विकार, ताजा शोक, चालू असलेली औषधे यांचीही चौकशी करावी लागते आणि निदान तज्ज्ञ मुलाखतीनंतरच होते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर ‘होय’च्या बाजूला गेले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मदत मिळवायला हवी.

गैरसमज ५ : वर्णन तंतोतंत जुळले, म्हणजे चाचणी खरी.

वस्तुस्थिती : १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुमचे’ म्हणून वर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हाती एकच मजकूर होता, तोही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला! कंपन्यांत लोकप्रिय असलेली मायर्स-ब्रिग्ज चाचणी माणसांना १६ साच्यांत बसवते, मात्र काही आठवड्यांनी ती पुन्हा दिली तर अनेकांचा साचा बदलतो. हर्मान रोर्शाख यांच्या १९२१ च्या दहा शाईडागांच्या पत्त्यांवरही गुणांकनाची ठरलेली पद्धत आहे. ‘वटवाघूळ दिसले’ एवढ्यावरून कुणाचे मन वाचता येत नाही. याउलट एमएमपीआय या दीर्घ प्रश्नावलीत, उत्तर देणारा स्वतःला जास्तच सोज्वळ किंवा जास्तच आजारी दाखवतो आहे का, हे पकडणाऱ्या वेगळ्या मापनश्रेणी आहेत.

गैरसमज ६ : बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर कळते.

वस्तुस्थिती : हजारो रुपये घेऊन केल्या जाणाऱ्या ‘डीएमआयटी’ला शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही हे स्पष्ट केले आहे. बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात. मुलाला चित्रकला आवडेल की हिशेब, हे त्या सांगू शकत नाहीत.

चाचणी करून घेण्याआधी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : चाचणीचे नाव काय, तिचे मापदंड कोणत्या मुलांवर आणि कधी ठरवले, आणि अहवालावर सही कोणाची? आजाराचे किंवा अक्षमतेचे मूल्यमापन असेल, तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठावा. मनःस्थितीविषयी आत्ताच बोलायचे असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.